वृत्तपत्रांचे आशयविश्लेषण: एम. ए.च्या प्रबंधासाठी कामाचा योग्य क्रम

पत्रकारिता आणि जनसंज्ञापन विभागांत चौथ्या सत्राच्या सुमारास एकच दृश्य दिसते. कात्रणांचा गठ्ठा तयार, ई-पेपरचे दोनेकशे स्क्रीनशॉट मोबाइलमध्ये, आणि विद्यार्थी मार्गदर्शकांना विचारतोय, "सर, आता यातून काय काढू?" हा प्रश्न शेवटी आला, म्हणजे काम उलट्या टोकाने झाले. आशयविश्लेषण म्हणजे छापलेल्या मजकुराची ठरलेल्या नियमांनी वर्गवारी करून ती मोजणे. त्यात मोजणी सर्वांत सोपी आणि सर्वांत शेवटची. वेळ जातो तो मोजायचे काय, हे लेखी ठरवण्यात.

पुढचे टप्पे एकाच उदाहरणावर मांडले आहेत. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. ती ४ मे २०२४ रोजी उठली, पण प्रतिटन ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के निर्यातशुल्क लावून. या काळात मराठी दैनिकांनी कांद्याच्या बातम्या कशा दिल्या, हा आपला विषय. तुमचा विषय एसटीचा संप असो की मराठी शाळांचा, क्रम हाच.

## टप्पा १: विषयाचा प्रश्न करा

"कांदा निर्यातबंदीच्या वार्तांकनाचा चिकित्सक अभ्यास" हे शीर्षक सिनॉप्सिसवर शोभून दिसते, पण त्यातून काहीच मोजता येत नाही. मोजता येईल असा प्रश्न असा हवा: निर्यातबंदीच्या बातम्यांत कोणाचे म्हणणे छापले गेले? शेतकऱ्याचे, व्यापाऱ्याचे, अधिकाऱ्याचे की पुढाऱ्याचे? आणि नाशिक जिल्ह्यातल्या आवृत्तीत व मुंबई आवृत्तीत यात फरक पडतो का?

असे दोन, फार तर तीन प्रश्न पुरेत. प्रत्येक प्रश्नाखाली लगेच कच्चा तक्ता आखा: आडवे काय, उभे काय. रिकामा तक्ता आखता आला नाही, तर तो प्रश्न अजून कच्चा आहे.

इशारा: "या बातम्यांचा शेतकऱ्यांवर काय परिणाम झाला" हा प्रश्न आशयविश्लेषणाने सुटत नाही. त्यासाठी वाचकांकडे जावे लागते. "संपादकांनी मुद्दाम असे केले का" हेही छापील पानावरून कळत नाही, त्यासाठी न्यूजरूममध्ये मुलाखती घ्याव्या लागतात. हे दोन प्रश्न उद्दिष्टांत घुसले, की तोंडी परीक्षेत तिथेच पकडतात.

## टप्पा २: कोणते अंक घ्यायचे

इथे तीन निर्णय आहेत आणि तिन्ही लेखी हवेत.

पहिला आवृत्तीचा. एका दैनिकाची नाशिक आवृत्ती आणि दुसऱ्याची मुंबई आवृत्ती घेऊन "या दैनिकाने कांद्याला जास्त जागा दिली" असे लिहिणारे प्रबंध दरवर्षी येतात. ती तुलना दैनिकांची नसून गावांची आहे. दोन दैनिके ताडायची तर आवृत्तीचे ठिकाण एकच ठेवा. दोन ठिकाणे ताडायची तर दैनिक एकच ठेवा. ॲग्रोवनसारखे शेतीचे दैनिक सर्वसाधारण दैनिकाशेजारी ठेवायचे असेल तर ते का, याचे उत्तर आधी तयार ठेवा. त्यात शेतीच्या बातम्या जास्त असणारच, हे सिद्ध करायला सहा महिने घालवू नका.

दुसरा निर्णय तारखांचा. आज घडलेली घटना छापील अंकात उद्या येते. म्हणून काळ ८ डिसेंबर ते ४ मे असा धरला तर बंदी उठल्याची बातमीच हातातून निसटते. अंक ८ डिसेंबर २०२३ ते ५ मे २०२४ असे घ्या. २०२४ हे लीप वर्ष असल्याने हे १५० दिवस होतात. प्रत्यक्ष अंक त्याहून कमी मिळतील, कारण प्रजासत्ताकदिनासारख्या सुट्टीनंतर दुसऱ्या दिवशी छापील अंक निघत नाही. २७ जानेवारीचा अंक "मिळाला नाही" असे लिहिण्याआधी तो निघाला होता का, ते पाहा. मार्च २०२० च्या अखेरीपासूनचे अंक कोणी अभ्यासाला घेत असेल तर आणखी सावध राहा. टाळेबंदीत मुंबईत छपाई आणि वितरण काही काळ बंदच होते.

तिसरा निर्णय: सगळे अंक घ्यायचे की नमुना? वर्षभराचे सर्वसाधारण वार्तांकन पाहायचे असेल तर "रचित आठवडा" ही पद्धत आहे. काळातले सगळे सोमवार एकत्र करून त्यांतून चिठ्ठीने एक सोमवार काढायचा, मग एक मंगळवार, असे सात वार पुरे करायचे. सलग सात दिवस का नकोत? एखाद्या आठवड्यात निवडणूक किंवा अधिवेशन आले की तो आठवडा बाकी वर्षासारखा राहत नाही. डॅनियल रिफ, चार्ल्स ऑस्ट आणि स्टीफन लेसी यांनी १९९३ मध्ये दाखवले, की दैनिकाच्या वर्षभराच्या अंकांसाठी असे दोन रचित आठवडे पुरतात.

पण आपले कांद्याचे उदाहरण तसे नाही. हा विषय काही दिवस पान एकवर असतो आणि मग पंधरा दिवस गायब होतो. २५ एप्रिल २०२४ च्या सुमारास गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला दोन हजार टन निर्यातीची परवानगी मिळाली आणि महाराष्ट्रात ओरड झाली. चिठ्ठ्यांमध्ये नेमके ते दिवस निसटले तर अभ्यासात राहिले काय? घटनेभोवती फिरणाऱ्या विषयाला सगळे अंक घ्या आणि त्याऐवजी दैनिकांची संख्या कमी करा.

तपासणी: पुढे जाण्याआधी वेळेचा हिशेब मांडा. समजा २८ अंक घेतले आणि त्यांच्या पहिल्या पानांवर प्रत्येकी दहा बातम्या धरल्या, तर २८० बातम्या. एका बातमीला पाच मिनिटे लागली तर २३ तासांहून जास्त, तेही फक्त नोंदणीचे. हा आकडा पाहून मगच मार्गदर्शकांना "चार दैनिके, सगळी पाने" असा शब्द द्या.

## टप्पा ३: अंक मिळवा आणि नीट ठेवा

वेबसाइट आणि ई-पेपर एकच समजू नका. वेबसाइटवरची बातमी नंतर बदलते, मथळा बदलतो, आणि ती छापील अंकात कोणत्या पानावर किती कॉलम होती हे कळतच नाही. "छापील वृत्तपत्रांचा अभ्यास" असे म्हणायचे तर छापील अंक घ्या किंवा ई-पेपरचे पूर्ण पान. ई-पेपरचे जुने अंक किती मागचे मिळतात, सदस्यत्व लागते का, हे पहिल्याच दिवशी पाहा. मिळत नसतील तर ग्रंथालय. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय किंवा दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय अशा ठिकाणी जाण्याआधी नेमक्या त्या आवृत्तीच्या फायली आहेत का, फोटो काढू देतात का, हे फोनवर विचारून घ्या. विभागाचे पत्र सोबत ठेवा. बांधलेल्या फायलीत शिवणीकडचा कॉलम अर्धा आत गेलेला असतो, त्याचा फोटो वेगळा घ्या.

फाइलचे नाव वर्षापासून सुरू करा: २०२३-१२-०९, मग दैनिक, आवृत्ती, पान. असे केले की फायली आपोआप क्रमाने लागतात. नाव मात्र इंग्रजी अंकांतच लिहा. बातमीचे कात्रण करून ठेवू नका, पूर्ण पान ठेवा. बातमी कोणाच्या शेजारी आली हे पुढे कधी लागेल सांगता येत नाही.

इशारा, शोधपेटीवर विसंबणाऱ्यांना: मराठीत शब्द शोधून बातम्या गोळा करणे धोक्याचे आहे. "शेतकरी" शोधले तर "शेतकऱ्यांनी" आणि "शेतकऱ्याचा" हातून जातात, म्हणून "शेतक" एवढेच शोधा. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात "ऑ" च्या जागी "आ" आणि त्यावर वेगळा चंद्र असतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसते, शोधाला नाही, आणि "ऑक्टोबर" सापडत नाही. अनेक पीडीएफमधला मजकूर कॉपी केला की अगम्य अक्षरेच उतरतात. पाने डोळ्यांखालून घालण्याला पर्याय नाही. कंटाळवाणे आहे, पण तसेच आहे.

## टप्पा ४: संकेतपुस्तिका, म्हणजे कोडबुक

सगळा प्रबंध यावर उभा असतो आणि विद्यार्थी ते एका संध्याकाळी उरकतात. कोडबुक म्हणजे रकान्यांची यादी नव्हे. प्रत्येक रकान्यात केव्हा काय भरायचे याचे नियम म्हणजे कोडबुक, इतके स्पष्ट की अनोळखी माणसाने ते वाचून तुमच्यासारखीच नोंद करावी.

आधी "एक बातमी" म्हणजे काय ते ठरवा. मुख्य बातमीला जोडलेली चौकट वेगळी मोजायची का? चालेल असा नियम: चौकटीला स्वतंत्र मथळा आणि स्वतंत्र बायलाइन (बातमीदाराचे नाव) किंवा डेटलाइन (बातमीच्या सुरुवातीचे गाव-तारीख) असेल तर वेगळी, नाहीतर मुख्य बातमीचा भाग. "पान ५ वर" गेलेला उरलेला मजकूर पहिल्याच बातमीत धरा. रोजच्या बाजारभावाचा तक्ता, संक्षिप्त बातम्या, फोटोओळ, अग्रलेख, वाचकांची पत्रे, जाहिरात पुरवणीतला मजकूर, या प्रत्येकाला आत की बाहेर, असा एकेक शब्द लिहा. आणि "कांद्याची बातमी" केव्हा म्हणायचे? मथळ्यात किंवा पहिल्या परिच्छेदात कांद्याचा उल्लेख हवा, हा नियम टिकतो. नाहीतर प्रचारसभेच्या बातमीत अकराव्या ओळीत कांदा आला म्हणून तीही मोजली जाते. हे नाशिकच्या अंकांत भरपूर घडेल, कारण १६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि कांदा प्रचारात आला.

आता मुख्य रकाना, स्रोत. बातमीत कोणाचे म्हणणे आले?

मराठी बातमीत एक ठरलेले वाक्य असते: "शेतकरी वर्गातून तीव्र नाराजी व्यक्त होत आहे." हे शेतकऱ्याचे म्हणणे धरायचे का? एकही शेतकरी इथे बोललेला नाही, बातमीदार बोलला आहे. माझे मत असे, की याला "अनामिक समूह" असा वेगळा संकेत (कोड) द्यावा. हे वाक्य किती बातम्यांत शेतकऱ्याची जागा घेते, हाच कदाचित तुमच्या प्रबंधातला सर्वांत बोलका आकडा ठरेल. "सूत्रांनी सांगितले" याचा संकेत त्याहून वेगळा.

दुसरी गाठ भूमिकेची. राजू शेट्टी हे शेतकरी संघटनेचे नेते, माजी खासदार, आणि शेतकरीही. कुठे टाकाल? बाजार समितीचा सभापती बहुतेकदा कुठल्यातरी पक्षाचा असतो. नियम एकच ठेवा: बातमीने त्याला ज्या नात्याने उभे केले ते नाते, आणि दोन नाती दिली असतील तर पहिले. तुम्हाला बाहेरून त्याच्याबद्दल काय माहीत आहे ते नोंदीत आणायचे नाही.

बाकी रकाने झटपट होतात: अनुक्रमांक, दैनिक, आवृत्ती, तारीख, पान, किती कॉलम, बायलाइनचा प्रकार (नावानिशी, नुसते "प्रतिनिधी", वृत्तसंस्था, काहीच नाही), डेटलाइनचे गाव, मुख्य विषय, छायाचित्र आहे की नाही. मुख्य विषय एका बातमीला एकच. स्रोत मात्र एकाहून जास्त असू शकतात, म्हणून प्रत्येक स्रोताला स्वतंत्र रकाना ठेवा आणि त्यात १ किंवा ० भरा. एकाच खान्यात "शेतकरी, मंत्री" असे स्वल्पविराम देऊन लिहिले तर शेवटी मोजताना रडायची पाळी येते.

"सकारात्मक, नकारात्मक, तटस्थ" हा सूराचा रकाना टाकण्याचा मोह आवरा. भाव पडला ही बातमी कोणासाठी नकारात्मक? शेतकऱ्यासाठी की दादरच्या मंडईत पिशवी घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकासाठी? हे सांगता येत नसेल तर रकाना काढा.

तपासणी: प्रत्येक संकेतापुढे खऱ्या बातमीतले एक बसणारे आणि एक न बसणारे उदाहरण आहे का? "इतर" मध्ये काय जाईल हे लिहिले आहे का?

## टप्पा ५: चाचणी, आणि ती नमुन्याबाहेरच्या अंकांवर

ऑगस्ट २०२३ चे अंक घ्या. १९ ऑगस्टला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले होते, त्यामुळे बातम्या त्याच जातीच्या मिळतील आणि आपल्या नमुन्याला हात लागणार नाही. वीस-तीस बातम्यांवर कोडबुक चालवा. अडेल तिथे नियम सुधारा, सुधारणेची तारीख लिहा. "इतर" मध्ये बरेच काही साठायला लागले तर एखादा संकेत राहून गेला आहे. या बातम्यांच्या नोंदी नंतर फेकून द्या, मुख्य आकड्यांत मिसळू नका.

## टप्पा ६: दुसऱ्या माणसाकडून ताडून घ्या

हा टप्पा सर्वांत जास्त वगळला जातो, आणि "वेळेअभावी शक्य झाले नाही" हे वाक्य मर्यादांमध्ये येते. ही मर्यादा नव्हे. दुसऱ्याने तशीच नोंद केली नाही, तर तुमचे आकडे म्हणजे तुमचे वैयक्तिक मत आहे.

वर्गातला एक सहकारी गाठा, बदल्यात त्याच्या बातम्या तुम्ही करा. त्याला कोडबुक द्या, तोंडी समजावू नका. साधारण १० ते २० टक्के बातम्या, आणि पन्नासच्या खाली नकोत, दोघांनी स्वतंत्रपणे नोंदवाव्यात. शेजारी बसून, विचारत विचारत केलेली नोंद बाद.

मग नुसती टक्केवारी काढून थांबू नका. पन्नास बातम्यांत "महिला शेतकऱ्याचे म्हणणे आहे का" हा रकाना घ्या. तुम्ही ५ बातम्यांत "आहे" म्हटले, सहकाऱ्यानेही ५ मध्ये, पण दोघांचे जुळले फक्त २ बातम्यांवर. "नाही" वर ४२ जुळल्या. एकूण ४४, म्हणजे ८८ टक्के. छान वाटते. पण डोळे मिटून भरले असते तरी, दोघांच्या "नाही" चे प्रमाण ९० टक्के असल्याने, ८२ टक्के जुळले असते (०.९ × ०.९ अधिक ०.१ × ०.१). योगायोग वजा केला की कोहेनचा कॅपा येतो (०.८८ − ०.८२) ÷ (१ − ०.८२) = ०.३३. हा रकाना नापास.

कॅपासारखेच योगायोग वगळून जुळणी मोजणारे दुसरे माप म्हणजे क्लाउस क्रिपेनडॉर्फ यांचा अल्फा. त्यासाठी त्यांनीच दिलेली पातळी ०.८०० आहे. ०.६६७ ते ०.८०० मध्ये फक्त तात्पुरते निष्कर्ष काढावेत, त्याखाली रकाना वापरू नये. "आर" (R) या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये हे दोन्ही आकडे निघतात, कॅपा तर एक्सेलमध्येही हाताने निघतो. प्रत्येक रकान्याचा आकडा वेगळा द्या. सगळ्या रकान्यांची सरासरी देऊन नापास रकाना लपवायचा नाही.

इशारा: आकडा कमी आला म्हणून एकत्र बसून उत्तरे जुळवली आणि तोच गठ्ठा पुन्हा मोजला, तर ती चाचणी राहत नाही. नियम सुधारा आणि नव्या बातम्या घ्या.

हल्ली काही जण दुसरा माणूस म्हणून चॅटबॉटला बसवतात. बसवा, पण त्यालाही हीच परीक्षा लावा, पद्धतीच्या प्रकरणात तसे सांगा, आणि पानाच्या फोटोवरून त्याने मजकूर नीट वाचला का ते आधी पाहा. जोडाक्षरे आणि कॉलमचा क्रम तो सहज चुकतो.

## टप्पा ७: मुख्य नोंदणी

एक दैनिक संपवून मग दुसरे, असे करू नका. पहिल्या आठवड्यात तुम्ही नियम कडक लावता, तिसऱ्यात सैल, आणि तो फरक दैनिकांमधला फरक म्हणून तक्त्यात येतो. तारखा चिठ्ठीने मिसळून घ्या. निम्मे काम झाले की सुरुवातीच्या दहा बातम्या जुन्या नोंदी न पाहता पुन्हा नोंदवा आणि ताडून बघा.

शीटमध्ये आकडे इंग्रजी अंकांतच भरा. देवनागरी अंक बऱ्याचदा मजकूर म्हणून धरले जातात आणि बेरीज शून्य येते. संकेतही आकड्यांत ठेवा. एकदा "शेतकरी" आणि एकदा "शेतकरी " असा शेवटी स्पेस देऊन लिहिला, की पिव्होट टेबलमध्ये दोन वेगळे शेतकरी उभे राहतात. शंका आली तर शेजारच्या "शेरा" रकान्यात लिहा, वहीच्या मागच्या पानावर नको.

## टप्पा ८: तक्ते आणि लेखन

टप्पा १ मधले रिकामे तक्ते काढा आणि भरा. त्यांत नसलेले वीस तक्ते केवळ निघतात म्हणून छापू नका.

एका बातमीत अनेक स्रोत असल्याने स्रोतांच्या टक्क्यांची बेरीज शंभराहून जास्त होते. त्याचा गोल आलेख काढणे चूक आहे, स्तंभालेख काढा. टक्के कशाचे, बातम्यांचे की एकूण स्रोतांचे, हे प्रत्येक तक्त्याखाली लिहा. काय-वर्ग चाचणी (तक्त्यातला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का, हे पाहणारी) लावणार असाल तर अपेक्षित संख्या पाचच्या खाली गेलेले खाने किती आहेत ते बघा. फार असतील तर संकेत एकत्र करा, पण अर्थ जुळत असेल तरच. शेतकरी आणि व्यापारी एकत्र केले तर विषयच संपला.

पद्धतीच्या प्रकरणात बर्नार्ड बेरेल्सन यांची आशयविश्लेषणाची १९५२ ची व्याख्या सगळेच उतरवतात. एक परिच्छेद पुरे. त्या पानांत त्याऐवजी हे हवे: अंक कसे निवडले, किती मिळाले, न मिळालेल्यांची यादी, बातमीची व्याख्या, चाचणीनंतर बदललेले नियम, रकान्यागणिक अल्फा. कोडबुक पूर्ण परिशिष्टात.

निष्कर्षाची भाषा तक्त्याला धरून ठेवा. "शेतकऱ्यांचा आवाज दाबला गेला" असे तुमचे आकडे सांगत नाहीत. "मुंबई आवृत्तीत इतक्या बातम्यांत एकाही नाव असलेल्या शेतकऱ्याचे म्हणणे नाही" हे सांगतात, आणि ते पुरेसे टोचते.

तोंडी परीक्षेला जाताना तीन पाने सोबत ठेवा: कोडबुक, रकान्यागणिक अल्फाचा तक्ता, आणि जिची नोंद करताना सर्वांत जास्त अडलात ती बातमी. परीक्षक एखाद्या संकेताबद्दल विचारतील तेव्हा व्याख्या पाठ म्हणून दाखवू नका. ती बातमी पुढे ठेवा आणि कोणत्या नियमाने काय भरले ते दाखवा.